घरातलं नाव

कंपनीचा माणूस नवा राउटर बसवून गेला
त्याला आज सहा दिवस झाले.
जुना विजेच्या झटक्यात गेला,
आठव्या गल्लीतले दोन टीव्ही आणि कुणाचा तरी मिक्सर
सोबत घेऊन.

माझं काम कुठं अडलं नाही.
उद्यमनगरात, भट्टीच्या धगीपासून लांब उभा राहून
मोबाइल उघडला की मेल येत होते :
निपाणीहून पंपाच्या बॉडीची चौकशी,
बँकेची आठवण, जाहिराती.
म्हटलं, चाललंय.

सोमवारी, कारखान्याच्या सुट्टीला, सुनेत्रा म्हणाली,
आप्पा सारखं टॅबकडं बघत बसायलेत,
काय झालंय बघा की जरा.

आप्पांचे कान फाउंड्रीनं नेले, चाळीस वर्षांत, हप्त्याहप्त्यानं.
आता ओरडून बोललेलं त्यांना आवडत नाही.
म्हणतात, माझ्यावर कोण खेकसायला नको, लिहा.
म्हणून तर हा सर्व्हर,
कारखान्यातनं बाद झालेला संगणक,
त्यांच्या पलंगापासून नऊ फुटांवर, कपाटाखाली.

लॉग उघडला. कोरा.
नकार नाही, चुकीचा पासवर्ड नाही,
दारात कुणी आलंच नव्हतं.
केबल बदलली, सर्व्हर बंद करून चालू केला,
पोर्ट मोजले, दाखल्याची तारीख बघितली.
आप्पा उठून आले, वाकले,
डब्यावर तळहात ठेवून थांबले,
भेगाळलेलं कास्टिंग हातोडी मारून हातानंच ऐकायचे तसे.
मला वाटलं, आता काहीतरी सांगतील.
काही न बोलता जेवायला गेले,
दिवस मावळायच्या आत.

मग रस्त्यावर जाऊन बघितलं : चालतंय.
उंबऱ्याच्या आत येऊन वायफायवर बघितलं : नाही.
पुन्हा बाहेर. पुन्हा आत.
समोरचे कोरगावकर म्हणाले, शतपावली काय?

तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.
टॅब विचारतो बाहेरच्या नावानं,
तर उत्तरही बाहेरचंच मिळतं.
पत्ता बरोबर आहे, पण तो रस्त्यावरून आत येणाऱ्याचा,
आणि हा नवा राउटर
आतनं निघून आतच येणाऱ्याला ओळखत नाही.
घरातल्या घरात आम्ही एकमेकांना
सातबाऱ्यावरच्या नावानं हाक मारत होतो.

मी बाहेर धन्यकुमार आप्पासाहेब चौगुले.
घरात बंडू.
एवढंच सांगायचं होतं त्या यंत्राला :
आतनं कुणी विचारलं तर आतला पत्ता दे.
एक ओळ लिहिली.

आउटबॉक्स हलला.
एक, दोन, एकदम सात.

टेस्ट.
पोचलं का.
घुणकीच्या त्या माणसाला उधार देऊ नको, मागं त्यानं मला बुडवलंय.
सुनेत्राला सांग, भाकरी बारीक चावायला लागते, दाढ दुखते.
तुझ्या डब्याचा पंखा घासतोय. बेअरिंग जाणार.
बंडू, रागावलास काय?
सातव्यात काहीच नव्हतं,
फक्त खाली त्यांचं नाव,
पूर्ण, आडनावासकट,
जसं ते चेकवर लिहितात.

मी तिथंच फरशीवर बसून उत्तर लिहिलं.
पोचलं.
आणखी काय लिहावं सुचेना, तसंच पाठवलं.

त्यांच्या हातात टॅब थरथरला.
आधी तळव्याला कळलं, मग डोळ्यांना.
आणि ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही
ते बोलतात तसं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं
ओरडले :
आलं!

कोरगावकरांनी खिडकी उघडली.

जगाला अजून माझी मेल थेट जात नाही.
पंचवीस नंबरचं दार कंपनीनं लावून घेतलंय,
अर्ज करा म्हणतात.
करू की.
आधी पंखा बदलायचा आहे.